खेळ आणि उपजीविका, भाग 6 : महाविद्यालयाच्या संघातून रेल्वेच्या संघात

आदिलाबाद जिल्ह्यातील महाविद्यालये वरंगळच्या काकतीय विद्यापीठाशी संलग्न असल्यामुळे तेथील बास्केटबॉलपटू विद्यार्थिनी आंतरविद्यापीठ स्पर्धेत दक्षिण विभागातून उतरते, तर पैनगंगेपलीकडच्या पांढरकवड्याची विद्यार्थिनी अमरावती विद्यापीठाकडून पश्चिम विभागात खेळते. घरी दोघीही मराठीच बोलत असल्या, तरी मैदानावर त्यांची गाठ सहसा पडत नाही. विभागीय फेरीत वरचे स्थान मिळविणाऱ्या संघांनाच अखिल भारतीय फेरीत प्रवेश असतो आणि दक्षिण विभागात तमिळनाडू व केरळमधील कसलेले संघ असल्याने काकतीयच्या मुलींचा कस आरंभीच लागतो. निवड समितीच्या नजरेत भरण्याच्या दृष्टीने मात्र ही अडचण सोयीची अधिक म्हणावी लागेल.

या दक्षिणेकडील वाटेचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे कोट्टायम जिल्ह्यातील गीतू अ‍ॅना जोस. 1985 साली जन्मलेली, सहा फूट दोन इंच उंचीची ही खेळाडू चंगनाशेरीच्या असम्प्शन कॉलेजात घडली आणि पुढे दक्षिण रेल्वेत नोकरीला लागली. तिची जागा सेंटरची, म्हणजे बास्केटच्या अगदी खाली उभे राहून प्रतिस्पर्ध्याला पाठीने रेटत रिबाउंड, अर्थात हुकून परत आलेला चेंडू, हस्तगत करणाऱ्या खेळाडूची होती. ऑस्ट्रेलियातील रिंगवुड क्लबकडून ती खेळली आणि 2011 मध्ये अमेरिकेतील डब्ल्यूएनबीए या महिलांच्या व्यावसायिक लीगमधील शिकागो, लॉस एंजेलिस व सॅन अँटोनियो या तीन संघांनी तिची चाचणी घेतली. करार झाला नाही, परंतु तेथवर पोहोचलेली ती पहिली भारतीय महिला होती. 2014 चा अर्जुन पुरस्कारही तिला लाभला.

अमेरिकेत महाविद्यालयीन खेळाडू ड्राफ्टमधून, म्हणजे संघांनी ठरलेल्या क्रमाने नवे खेळाडू उचलण्याच्या पद्धतीतून, थेट व्यावसायिक लीगमध्ये जाते. भारतात महिलांची लीग स्थिरपणे रुजलेली नसल्याने पदवीनंतरची मिळकत ही बहुधा स्पोर्ट्स कोट्यातील नोकरीचा पगार असते, आणि अशा नोकऱ्या देण्यात रेल्वेचा हात फार मोठा आहे. या व्यवस्थेवर हौशीपणाचा शिक्का मारणे सोपे असले, तरी दुखापतीनंतरही दरमहा पगार देणारी दुसरी व्यवस्था या खेळाडूंपुढे क्वचितच असते. अशा परिस्थितीतही राष्ट्रीय संघाने मजल मारली: 2017 मध्ये बंगळूरु येथे कझाकस्तानला 75-73 असे नमवून आशिया चषकाच्या ‘ब’ गटाचे विजेतेपद मिळविणाऱ्या आणि वरच्या गटात गेलेल्या भारतीय संघात पुण्याची शिरीन लिमये होती. पुढे ती भारताची कर्णधार झाली.

रेल्वेच्या नोकरीची किंमत राज्यांना मोजावी लागते. रेल्वेचे विभाग आपापसांत निरनिराळे खेळत असले, तरी राष्ट्रीय स्पर्धेत त्यांचा एकच एकत्रित संघ उतरतो. त्यामुळे आदिलाबादची एखादी मुलगी सिकंदराबादला दक्षिण मध्य रेल्वेत रुजू झाली आणि त्या संघात निवडली गेली, तर ती तेलंगणाविरुद्धही खेळू शकते.