जीनोमीय रोगसर्वेक्षण

संसर्गजन्य रोगास कारणीभूत होणारे व्हायरस, सूक्ष्मजंतू इ. रोगकारकांच्या आनुवंशिक द्रव्यातील घटकांचा क्रम ठरवून त्यात स्थलकालपरत्वे होणाऱ्या बदलांवर सातत्याने लक्ष ठेवण्याच्या पद्धतीस जीनोमीय रोगसर्वेक्षण असे म्हणतात. सजीवाच्या वा व्हायरसाच्या समग्र आनुवंशिक द्रव्यास जीनोम ही संज्ञा आहे. रोग कोणता हे नेहमीच्या तपासणीने कळते. परंतु संसर्ग कोठून आला, दोन रुग्णांचा परस्परसंबंध आहे काय, रोगकारक अधिक वेगाने पसरू लागला आहे काय, तो औषधांना दाद देईल काय, या प्रश्नांची उत्तरे जीनोमाच्या क्रमावरून मिळू शकतात. ही उत्तरे साथ पसरण्यापूर्वी मिळाली, तरच त्यांचा उपयोग होतो. त्यामुळे सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळांची सिद्धता ही मुख्यतः यंत्रांच्या संख्येवरून नव्हे, तर नमुना घेतल्यापासून निर्णय होईपर्यंत लागणाऱ्या कालावधीवरून मोजावी लागते.

तत्त्व : रोगकारकाचे पुनरुत्पादन होताना त्याच्या आनुवंशिक द्रव्याची नक्कल होते व तीत अधूनमधून चुका राहून जातात. या चुकांस उत्परिवर्तने म्हणतात. समान उत्परिवर्तने असलेले नमुने एकाच वंशशाखेतील मानून रोगकारकाचा वंशवृक्ष तयार करता येतो. उत्परिवर्तनाचा वेग रोगकारकागणिक भिन्न असतो. कोविड-१९ च्या व्हायरसाचा जीनोम सु. २९,९०० घटकांचा असून त्यात महिन्यास सरासरी सु. २ बदल टिकून राहतात. उलट क्षय रोगाच्या सूक्ष्मजंतूच्या सु. ४४ लाख घटकांच्या जीनोमात एक बदल होण्यास सरासरीने सु. २ वर्षे लागतात. त्यामुळे दोन नमुन्यांतील तितक्याच फरकाचा अर्थ या दोन रोगांत एकच होत नाही. तो लावण्यास रोगकारकाचे व रोगप्रसाराचे विशेष ज्ञान लागते.

विकास : ब्रिटिश जीवरसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक सँगर यांनी १९७७ मध्ये डीएनएचा क्रम ठरविण्याची सुलभ पद्धत प्रसिद्ध केली. सूक्ष्मजंतूचा संपूर्ण जीनोम प्रथम १९९५ मध्ये, तर क्षय रोगाच्या सूक्ष्मजंतूचा १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. एका वेळी लक्षावधी तुकड्यांचे वाचन करणारी यंत्रे २००५ नंतर प्रचारात आली व ही पद्धत संशोधनसंस्थांतून आरोग्यसेवेच्या प्रयोगशाळांत येऊ लागली. पश्चिम आफ्रिकेतील एबोलाच्या साथीत (२०१४–१६) गिनी देशात हाताच्या पंजात मावणारी यंत्रे नेऊन नमुना मिळाल्यापासून २४ तासांच्या आत क्रम ठरविणे शक्य झाल्याचे दिसून आले. कोविड-१९ च्या व्हायरसाचा क्रम जानेवारी २०२० मध्ये जाहीर झाला व त्याच्याच आधारे जगभर तपासणीची साधने व लशी तयार करण्यात आल्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये जीनोमीय सर्वेक्षणाचे दहा वर्षांचे धोरण जाहीर केले.

सिद्धतेची अंगे : पहिले अंग नमुन्याचे. व्हायरसाचे प्रमाण फार कमी असलेल्या नमुन्यातून संपूर्ण जीनोम मिळत नाही. कोविड-१९ च्या तपासणीत चक्रांक साधारणपणे ३० पेक्षा कमी असलेले नमुनेच यासाठी निवडण्यात येत. श्वसनमार्गाचा नमुना २° ते ८° से. तापमानात सु. ७२ तास टिकतो. त्याहून अधिक काळ ठेवावयाचा झाल्यास –७०° से. वा त्याहून कमी तापमान लागते. तालुक्याच्या ठिकाणी शीतपेटी नसल्यास शहरातील उत्तम यंत्रही निरुपयोगी ठरते. घरी करावयाच्या जलद चाचण्यांत नमुना मागे उरतच नाही.

दुसरे अंग निवडीचे. समाजात एखादा प्रकार १ टक्का असेल, तर त्याचा किमान एक नमुना हाती लागण्याची शक्यता ९५ टक्के व्हावी यासाठी सु. ३०० नमुने तपासावे लागतात. प्रमाण ५ टक्के असेल, तर सु. ६० पुरतात. मात्र हे गणित नमुने यदृच्छया निवडले असतील तरच लागू पडते. केवळ परदेशी प्रवाशांचे किंवा केवळ मोठ्या रुग्णालयांतील नमुने तपासल्यास अन्यत्र काय चालले आहे हे कळत नाही.

तिसरे अंग यंत्र व मनुष्यबळ यांचे. मोठी यंत्रे एका वेळी शेकडो नमुने तपासतात. यंत्र पूर्ण न भरता चालविल्यास दर नमुन्याचा खर्च वाढतो. म्हणून लहान प्रयोगशाळा पुरेसे नमुने जमेपर्यंत थांबतात व उशीर होतो. रसायने बव्हंशी आयात करावी लागतात व त्यांची मुदत मर्यादित असते. यंत्रातून निघणाऱ्या प्रचंड माहितीचे विश्लेषण करण्यासाठी संगणकीय जीवविज्ञानाचे जाणकार कायम पदांवर असणे आवश्यक असते.

चौथे अंग माहितीच्या जोडणीचे. क्रमाबरोबर नमुन्याची तारीख, ठिकाण, रुग्णाचे वय, लसीकरण व आजाराची तीव्रता यांची नोंद नसेल, तर तो क्रम म्हणजे केवळ अक्षरांची माळ होय. ही नोंद प्रयोगशाळेत नव्हे, तर रुग्णालयात व जिल्हा आरोग्य कार्यालयात होते.

भारतातील अनुभव : डिसेंबर २०२० मध्ये भारत सरकारने १० प्रयोगशाळांचा ‘इन्साकॉग’ हा संघ स्थापन केला. त्यात पुण्यातील राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था व राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र या संस्थांचा समावेश होता. युनायटेड किंग्डममध्ये आढळलेल्या नव्या प्रकारामुळे प्रारंभीचा भर तेथून आलेल्या प्रवाशांवर होता. त्याबरोबरच देशातील बाधितांपैकी ५ टक्के नमुने तपासण्याचे उद्दिष्ट ठरविण्यात आले. दरम्यान, पुढे ‘डेल्टा’ या नावाने ओळखला गेलेला प्रकार देशातच उद्भवला होता. त्याचे सर्वांत आधीचे ज्ञात नमुने ऑक्टोबर २०२० मधील आहेत. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती व विदर्भाच्या इतर भागांत रुग्णसंख्या वेगाने वाढू लागली. २४ मार्च २०२१ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जाहीर केले, की महाराष्ट्रातील सु. १५ ते २० टक्के नमुन्यांत दोन विशिष्ट उत्परिवर्तने आढळली आहेत; परंतु रुग्णवाढीशी त्यांचा थेट संबंध जोडण्याइतकी त्यांची संख्या नाही. तोपर्यंत राज्यांकडून आलेल्या बाधित नमुन्यांची एकूण संख्या १०,७८७ होती; त्या तीन महिन्यांतील नव्या रुग्णांच्या मानाने ती १ टक्क्याहूनही कमी भरते. मेच्या प्रारंभी देशात दररोज ४ लाखांहून अधिक नवे रुग्ण नोंदविले जात होते. तज्ञ व यंत्रे देशात होती. नमुन्यांचा ओघ, त्यांची निवड व रुग्णांच्या नोंदींशी जोडणी ही अंगे दुबळी होती. पुढे संघातील प्रयोगशाळांची संख्या ५० च्या वर गेली. मुंबई महानगरपालिकेने ऑगस्ट २०२१ मध्ये कस्तुरबा रुग्णालयात एका वेळी ३८४ नमुने तपासू शकणारी प्रयोगशाळा सुरू केली.

दक्षिण आफ्रिकेचे उदाहरण : या देशात एचआयव्ही व क्षय रोग यांवरील दीर्घ संशोधनामुळे प्रशिक्षित माणसे उपलब्ध होती व २०२० मध्येच प्रयोगशाळांचे जाळे उभारण्यात आले होते. नोव्हेंबर २०२१ मध्ये नेहमीच्या तपासणीत व्हायरसाचा एक जीन उमटत नसल्याचे दिसताच ते नमुने क्रमनिर्धारणासाठी निवडण्यात आले. २४ नोव्हेंबर रोजी जागतिक आरोग्य संघटनेस कळविण्यात आले व २६ रोजी त्या प्रकारास ‘ओमिक्रॉन’ हे नाव मिळाले. पहिल्या नमुन्यापासून येथवर सु. अडीच आठवडे लागले. तथापि लगोलग अनेक देशांनी दक्षिण आफ्रिकेतून येणाऱ्या प्रवाशांवर बंदी घातली. जो देश प्रथम सांगतो त्यालाच शासन होत असेल, तर पुढील वेळी सांगण्यास कोणीही कचरेल. म्हणून आंतरराष्ट्रीय विश्वास हेही सिद्धतेचे एक अंग मानले पाहिजे.

मर्यादा व भवितव्य : क्रमावरून रोगकारकाचे गुणधर्म नेहमीच निश्चित सांगता येत नाहीत; त्यासाठी संवर्धन, प्रतिपिंड-चाचण्या व रुग्णांचे निरीक्षण यांची जोड लागते. तसेच साथ ओसरल्यावर नमुने, निधी व नेमणुका घटतात. यावर उपाय म्हणजे हीच यंत्रे व माणसे एरवी क्षय रोगातील औषधप्रतिकार, इन्फ्ल्यूएंझा, डेंग्यू, पटकी व सांडपाण्यातील रोगकारक यांच्या नित्य तपासणीत गुंतविणे हा होय. रोज वापरात असलेली प्रयोगशाळाच अकस्मात आलेल्या साथीच्या वेळी सज्ज आढळते.