पिशवीतले कागद आणि बिलाचा आकडा

सकाळी ७
राउंड आयसीयूपासून. रात्री २ च्या सुमारास अथणीकडचे एक गृहस्थ छातीत दुखतंय म्हणून दाखल झालेत. महिन्यापूर्वी बेळगावात अँजिओग्राफी झालीय, एवढंच मुलाला ठाऊक. रिपोर्ट काय आला होता? "कागद घाईत घरीच राहिले, सर."

मिरजेत हे रोजचं आहे. डॉ. वॅनलेस यांनी १८९४ मध्ये इथे मिशन हॉस्पिटल काढलं तेव्हापासून दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकातला आजारी माणूस मिरजेची वाट धरतो. माणूस येतो, त्याचा इतिहास मागे राहतो.

रात्रीच्या डॉक्टरने ईसीजी काढला, ट्रोपोनिन पाठवलं. ते करायलाच हवं होतं. ट्रोपोनिन तासातासाला बदलतं, क्रिएटिनीनचाही भरवसा नसतो. पण थायरॉइड, एचबीए१सी, लिपिड या तपासण्याही पुन्हा गेल्यात. एचबीए१सी तर मागच्या तीनेक महिन्यांच्या साखरेचा अंदाज देतं. महिन्यापूर्वीचा आकडा हाताशी असता तर चाललं असतं. आता खरा प्रश्न अँजिओग्राफीचा. पुन्हा करायची, तर पैसे लागणारच, वर किडनीवर डायचा भार आणि बेडचा आणखी एक दिवस.

मुलाला विचारलं, बाबांचं आभा कार्ड आहे का? आहे म्हणाला, पण ते काढलंय पुण्याच्या भावाच्या मोबाइल नंबरवर, म्हणजे रेकॉर्ड पाहायची मंजुरी त्याच्याकडूनच हवी.

सकाळी १०
ओपीडी. कवठेमहांकाळच्या एक मावशी, चक्कर येते म्हणून आल्यात. टेबलावर प्लॅस्टिकची पिशवी ठेवली. "समदं ह्यातच हाय डॉक्टर, तुमीच बघा." पिशवीत चार दवाखान्यांच्या चिठ्ठ्या, सोनोग्राफीची पाकिटं आणि एक जुना ईसीजी. थर्मल कागदावरचा तो ईसीजी इतका उडालाय की रेषा दिसत नाहीत, वरची तारीखही नाही. तळाशी गोळ्यांच्या पट्ट्या. दोन निघाल्या, वेगवेगळ्या कंपन्यांच्या, वेगवेगळ्या नावांच्या. मागे बारीक अक्षरात दोन्हींवर बीपीचं एकच औषध: टेल्मीसार्टन ४०. एक गावच्या डॉक्टरांनी दिलेली, दुसरी तालुक्याच्या. मावशी इमानाने दोन्ही घेत होत्या. उभं करून बीपी घेतलं, वरचा आकडा ९० च्या आसपास.

एक पट्टी बंद केली आणि चार दिवसांनी यायला सांगितलं. पिशवी उपसायला वेळ मिळाला म्हणून हे सापडलं. गर्दीच्या सोमवारी मावशी चक्कर येते म्हणून ॲडमिट झाल्या असत्या, मेंदूचा एमआरआय झाला असता, दोन दिवस सलाइन लागलं असतं.

रेकॉर्ड शेअर केलं की दुबार तपासण्या वाचतात, हे सगळे म्हणतात. माझं म्हणणं असं की मोठा पैसा तपासण्यांत वाचतच नाही, तो न झालेल्या ॲडमिशनमध्ये वाचतो. अमेरिकेतल्या मेम्फिस भागातल्या १२ इमर्जन्सी विभागांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. इतर हॉस्पिटलांतलं रेकॉर्ड पाहण्याची सोय तिथे होती. वर्षाला सुमारे १९ लाख डॉलर वाचले, त्यातले ९७.६ टक्के टळलेल्या ॲडमिशनमुळे. आणि डॉक्टरांनी रेकॉर्ड उघडलं होतं ते १०० भेटींपैकी जेमतेम ७ वेळा.

दुपारी १२
पुण्याच्या भावाने फोनवर मंजुरी दिली. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ ला देशभर सुरू झालं, त्यातला १४ आकडी नंबर म्हणजे आभा. यात सगळी रेकॉर्डं एका जागी गोळा होत नाहीत. ज्या हॉस्पिटलात तयार झालं तिथेच रेकॉर्ड राहतं. पेशंटने होकार दिला की ठरावीक मुदतीपुरतं आमच्याकडे दिसतं. राज्याची सीमा आड येत नाही, आणि मिरजेसारख्या गावाला याहून मोठी सोय नाही.

बेळगावचं डिस्चार्ज कार्ड उघडलं. अँजिओग्राफीत मोठा ब्लॉक नव्हता. आमच्याकडचं ट्रोपोनिन दोन्ही वेळा नॉर्मल. आमच्या हृदयरोगतज्ज्ञांनी वाचलं आणि म्हणाले, "पुन्हा करायची गरज नाही. सीडी मात्र मागवा." रिपोर्ट आला तो पीडीएफ, चित्रं त्यात नाहीत. गावाकडचा जावई संध्याकाळच्या एसटीने सीडी घेऊन येणार आहे.

दुपारी ३
व्यवस्थापनाची मीटिंग, विषय रेकॉर्ड जोडण्याचा. सॉफ्टवेअरचं वार्षिक भाडं, लॅबच्या मशीन जोडण्याचा खर्च, जुन्या फायली स्कॅन करायला माणसं. अकाउंट्सचे साहेब सरळ बोलले: खर्च आपण करायचा, वाचणार पेशंटचं, शिवाय लॅबचं उत्पन्न घटणार. त्यांचं गणित चुकत नाही. अमेरिकेने २००९ च्या कायद्याने हॉस्पिटलांना संगणकीय रेकॉर्डसाठी पैसे दिले. संगणक आले, पण माहिती कुंपणातच राहिली. मग २०१६ च्या कायद्यात माहिती अडवण्यावर बंदी आणावी लागली. आपल्याकडेही जानेवारी २०२३ मध्ये रेकॉर्ड जोडणाऱ्या हॉस्पिटलांसाठी प्रोत्साहन योजना आली. पण ज्या देशात २०२१-२२ मध्ये एकूण आरोग्यखर्चाचा ३९.४ टक्के भाग लोकांनी स्वतःच्या खिशातून भरला, तिथे पेशंटचे वाचलेले पैसे हाच हिशेब मी पहिला धरतो. दुबार तपासणीवर चालणारं उत्पन्न कुठल्याही हॉस्पिटलने धरून ठेवू नये. मीटिंगमध्येही हेच बोललो.

संध्याकाळी ५
डिस्चार्ज कार्डं. दिवसातलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच, आणि सगळ्यात घाईत उरकलं जातं तेही हेच. ज्युनियर डॉक्टरने एका कार्डावर टाइप केलं होतं: "औषधे सांगितल्याप्रमाणे चालू ठेवणे." मी तिला बसवून पुन्हा लिहायला लावलं. औषधाचं मूळ नाव, डोस, कधीपर्यंत घ्यायचं. क्रिएटिनीनचा आकडा आणि तारीख. काय बंद केलं आणि का. असलं मोघम कार्ड ऑनलाइन कितीही वेगाने पोचलं, तरी पुढचा डॉक्टर सगळं पहिल्यापासूनच तपासणार.

रात्री ८
सीडी आली. रिपोर्ट आणि चित्रं जुळली. छातीतलं दुखणं ॲसिडिटीचं ठरलं, उद्या घरी सोडतोय. अँजिओग्राफीचं बिल लागलं नाही, पण थायरॉइड आणि लिपिडचे पैसे गेले ते गेलेच.

वाचकांना एवढंच सांगायचं आहे. आईवडिलांचं आभा काढलं असेल तर त्याला कुणाचा मोबाइल नंबर जोडलाय ते आजच पाहा. रात्री २ वाजता तो फोन उचलला जायला हवा. मंजुरी देताना कोणती कागदपत्रं आणि किती दिवस, ते वाचून मगच होकार द्या. आणि डिस्चार्ज घेताना औषधांची मूळ नावं लिहिलेलं, टाइप केलेलं कार्ड आणि तपासणीची सीडी मागून घ्या. तो तुमचा हक्क आहे.