आईचे हृदय, बाळाचे हृदय

बारामती-इंदापूरच्या शेतकऱ्यास नीरा डाव्या कालव्याचे दार समजावून सांगावयास नको. दार पुरते उघडले नाही, की मागे पाणी तुंबते. हृदयाच्या झडपेचेही असेच आहे.

लहानपणी घसा सुजून ताप येतो. त्यावर वेळीच पेनिसिलीन न मिळाल्यास काही मुलांना पुढे आमवाताचा ज्वर होतो आणि कालांतराने हृदयाची झडप आकसते. मुलगी मोठी होते, सासरी जाते. दोष लपलेलाच राहतो. गरोदरपणी मात्र शरीरातील रक्त चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढते, झडपेमागे तुंबते व फुप्फुसांवर त्याचा भार पडतो. रात्री धाप लागून उठून बसावे लागणे म्हणजे 'दिवसांतला थकवा' नव्हे; हृदय तपासून घ्यावयाची ती खूण होय.

आमवाताचा हा दोष बाळात उतरत नाही. बाळाचे हृदय पहिल्या दोन-अडीच महिन्यांतच घडते, आणि हजारी सुमारे 8-9 बालकांत त्यात वैगुण्य राहते. आईचा रुबेला किंवा आटोक्यात नसलेला मधुमेह ही काही कारणे. पुष्कळदा कारण सापडतच नाही. तेव्हा 'ग्रहण पाळले नाहीस' म्हणून सुनेस बोल लावणे हा अन्याय आहे.

दूध ओढताना दमणारे, घामेजणारे, ओठ निळे पडणारे मूल दाखविण्यास विलंब नको. 1944 साली बाल्टिमोरला टॉसिगबाई व ब्लॅलॉक यांनी निळ्या बाळांवरील शस्त्रक्रियेचा मार्ग खुला केला. आपल्याकडे 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अशा मुलांची तपासणी होते. उपाय आहे, वेळ मात्र आपण साधावयाची आहे.