ग्रामीण रुग्णालयात थायरॉइड विकारांचे निदान : टी.एस.एच.च्या पलीकडे

बाह्यरुग्ण विभागात अलीकडे रुग्ण लक्षणे सांगण्यापूर्वीच प्रयोगशाळेचा कागद पुढे करतो आणि म्हणतो, "डॉक्टरसाहेब, मला थायरॉइड आहे." ही ग्रंथी प्रत्येकाच्याच गळ्यात असते, असे सांगून त्यास हसविता येते. परंतु कागदावरील एका आकड्यास व्याधी किंवा आरोग्य समजण्याची ही सवय आपणा चिकित्सकांनाही जडली आहे. मला ते स्वतःच्या चुकीतून उमगले. ती चूक प्रथम सांगतो.

पस्तिशीच्या आसपासची एक शेतमजूर स्त्री पांडुरोगासाठी आमच्याकडे उपचार घेत असे. अतिशय थकवा, थंडी सहन न होणे, त्वचेची रूक्षता, अग्निमांद्य आणि बंद झालेली पाळी अशी लक्षणे होती. थायरॉइडची शंका आली म्हणून टी.एस.एच. करविले. ते ३.६ आले. "थायरॉइड प्राकृत" असा शेरा केसपेपरवर लिहून मी मंडूर कल्प व दीपन-पाचन चालू ठेवले. चार महिन्यांनी साध्या ज्वरातिसारानंतर तिला बेशुद्धावस्थेत आणण्यात आले. रक्तदाब अत्यंत खालावलेला आणि रक्तशर्करा ४२ होती. शिरेतून ग्लुकोज व सलाईन देऊन तिला जिल्ह्याच्या ठिकाणी पाठविले. तेथे मुक्त टी-४ आणि कॉर्टिसॉल दोन्ही अत्यल्प आढळले. सहा वर्षांपूर्वी घरीच झालेल्या प्रसूतीत तिला पुष्कळ रक्तस्राव झाला होता. बाळाला अंगावर दूध आलेच नाही आणि त्यानंतर पाळीही कधी आली नाही. हे सारे तिच्या सासूने रुग्णवाहिकेत एका दमात सांगितले. मी ते कधी विचारलेच नव्हते.

हा शीहान यांच्या नावाने ओळखला जाणारा विकार होय. प्रसूतीतील अतिरक्तस्रावामुळे मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीचा, म्हणजेच पिट्युइटरीचा, रक्तपुरवठा तुटतो आणि तिचा काही भाग मृत होतो. काश्मीर खोऱ्यात केलेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, वीस वर्षांवरील प्रसूत स्त्रियांमध्ये याचे प्रमाण सुमारे ३ टक्के असावे असा अंदाज निघाला. संस्थात्मक प्रसूती वाढल्याने नवे रुग्ण कमी होत जातील हे खरे. तथापि पंधरा-वीस वर्षांपूर्वी घरी बाळंत झालेल्या स्त्रिया आजही आपल्या रांगेत उभ्या आहेत.

टी.एस.एच. येथे का फसवते, हे समजण्यास थोडी शरीरक्रिया आठवावी लागेल. टी.एस.एच. हे थायरॉइडचे स्राव नव्हे. ते पोष ग्रंथीने थायरॉइडला दिलेले आज्ञापत्र आहे. रक्तातील टी-४ किंचित घटले तरी हे आज्ञापत्र अनेक पटींनी वाढते. मुक्त टी-४ निम्मे झाले असता टी.एस.एच. शंभर पटींपर्यंत चढू शकते. म्हणूनच विकृती थायरॉइडमध्येच असेल तेव्हा ही तपासणी अत्यंत संवेदनशील ठरते आणि प्राथमिक चाळणीस एकटी पुरते. परंतु आज्ञा देणारी ग्रंथीच दुर्बल झाली असेल, तर टी-४ तळाला जाऊनही टी.एस.एच. प्राकृत मर्यादेत राहते, क्वचित किंचित वाढलेलेही दिसते. अशा वेळी सत्य फक्त मुक्त टी-४ सांगते.

यास्तव ज्या स्त्रीस प्रसूतीनंतर दूध आले नाही किंवा पाळी परतली नाही, ज्या रुग्णास डोक्याला गंभीर मार लागला आहे, दृष्टी आकुंचित झाली आहे अथवा मेंदूवर शस्त्रक्रिया वा किरणोपचार झाले आहेत, त्यांच्या बाबतीत मागणीपत्रावर टी.एस.एच.च्या जोडीला मुक्त टी-४ अवश्य लिहावे. आणखी एक इशारा. अशा रुग्णात कॉर्टिसॉलची कमतरता दूर केल्याविना थायरॉक्सिन सुरू करू नये. थायरॉक्सिनमुळे शरीराची कॉर्टिसॉलची गरज वाढते आणि अधिवृक्क ग्रंथींचा प्राणघातक क्षोभ उद्भवू शकतो. प्रथम स्टेरॉइड, मग थायरॉक्सिन हा क्रम कधीही उलटा होता कामा नये.

नमुना घेताना

आमच्या भागातील रुग्ण थायरॉइडच्या तपासणीसाठी पहाटेच्या एस.टी.ने उपाशीपोटी येतात आणि दुपारपर्यंत ताटकळतात. टी.एस.एच. व टी-४ साठी उपवासाची आवश्यकता नाही, हे त्यांना आदल्या भेटीतच सांगावे. महत्त्व आहे ते वेळेला. टी.एस.एच. रात्री उशिरा सर्वाधिक आणि दुपारी कमी असते. एकदा सकाळी व एकदा दुपारी घेतलेल्या नमुन्यांतील फरकास औषधाचा गुण समजणे ही नित्य घडणारी फसगत आहे. थायरॉक्सिन घेणाऱ्या रुग्णाने त्या दिवशीची गोळी नमुना दिल्यानंतर घ्यावी, कारण गोळीनंतर काही तास मुक्त टी-४ चढलेले राहते. मात्रा बदलल्यावर पंधरा दिवसांत पुन्हा तपासणी करणे म्हणजे पैशांचा अपव्यय. टी-४ चा अर्धायुकाल सुमारे सात दिवसांचा असल्याने सहा आठवडे थांबलेच पाहिजे.

न्यूमोनिया, सर्पदंश, हृदयविकार अशा तीव्र व्याधीने दाखल झालेल्या रुग्णाची थायरॉइड तपासणी, सबळ शंका नसल्यास, त्या काळात करूच नये. गंभीर आजारात टी-३ उतरते, टी.एस.एच. प्रथम खाली जाते आणि बरे होताना वर चढते. ग्रंथी मात्र निरोगी असते. केस गळतात म्हणून घेतल्या जाणाऱ्या बायोटिनच्या गोळ्यांविषयीही विचारावे. काही यंत्रांत बायोटिनमुळे टी.एस.एच. खोटे कमी व टी-४ खोटे जास्त येते, आणि निरोगी व्यक्ती कागदावर अतिक्रियाशील थायरॉइडची रुग्ण ठरते. किमान दोन दिवस त्या बंद ठेवून नमुना घ्यावा.

हात, डोळे आणि हातोडी

निकाल येण्यास आमच्याकडे दिवस लागतात. परीक्षणास पाच मिनिटे पुरतात. रुग्णास खुर्चीवर गुडघे टेकवून, पावले मोकळी लोंबती ठेवावीत आणि टाचेमागील कंडरेवर हातोडीने हलका आघात करावा. थायरॉइड मंदावलेल्या रुग्णात पाऊल नेहमीप्रमाणे खाली जाते, परंतु परत येताना रेंगाळते. हे चिन्ह सर्वांत आढळत नाही; पण स्पष्ट आढळल्यास त्यास मोठे मोल आहे. नाडी मंद, आवाज घोगरा, पापण्या सुजलेल्या, त्वचा थंड व रूक्ष अशी जोड मिळाल्यास संशय दृढ होतो. याउलट भूक चांगली असूनही वजन घटणे, हातांचा कंप, ओलसर उष्ण तळवे आणि वेगवान वा अनियमित नाडी असलेल्या रुग्णास केवळ राजयक्ष्म्याच्या संशयावर थुंकीच्या तपासणीपुरते ठेवू नये.

ग्रंथाधाराविषयी थोडे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील अकराव्या अध्यायात गलगंडाचे वातज, कफज व मेदोज असे प्रकार वर्णिले आहेत. ते वर्णन शोथाचे आहे, ग्रंथीच्या कार्याचे नव्हे. मोठा गलगंड असूनही स्राव प्राकृत असू शकतात, आणि गळा सपाट असूनही ग्रंथी पूर्णतः निकामी झालेली असू शकते. म्हणून "हायपोथायरॉइडिझम म्हणजे गलगंड" हे आपल्या लेखांतून वारंवार केले जाणारे समीकरण मला मान्य नाही. धात्वग्निमांद्याच्या अंगाने विचार करणे अधिक सयुक्तिक वाटते.

आकड्यांचा अर्थ

टी.एस.एच. वाढलेले आणि मुक्त टी-४ घटलेले असल्यास निदान उघड आहे. अडचण येते ती टी.एस.एच. ५ ते १० च्या दरम्यान व टी-४ प्राकृत असताना. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, आठ शहरांतील ५३७६ प्रौढांच्या भारतीय पाहणीत हायपोथायरॉइडिझमचे प्रमाण १०.९५ टक्के आढळले आणि ही सौम्य अवस्था त्यात न धरता स्वतंत्रपणे नोंदविली होती. पाहणी शहरांतील आहे, हे विसरून तो आकडा खेड्यास लावू नये. अशा रुग्णात दोन ते तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करावी, शक्य असल्यास टी.पी.ओ. प्रतिपिंडे पाहावीत. सत्तरी ओलांडलेल्यांत किंचित वाढ वयोमानानेही होते. आकडा वारंवार १० च्या वर राहिल्यास मात्र चालढकल नको.

गर्भिणीचे नियम निराळे आहेत. पहिल्या तीन महिन्यांत गर्भाच्या संप्रेरकामुळे टी.एस.एच. स्वभावतः उतरते, उलट्या होत आहेत व टी.एस.एच. कमी आहे एवढ्यावरून अतिक्रियाशीलतेचे निदान करू नये. वरच्या मर्यादेविषयी मतभेद आहेत. २०१४ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत ती पहिल्या तिमाहीस २.५ व नंतर ३ मानली आहे, तर २०१७ च्या अमेरिकन सूचनांत स्थानिक प्रमाण उपलब्ध नसल्यास ४. आपण कोणती मर्यादा धरली, हे केसपेपरवर लिहावे. थायरॉक्सिन घेणाऱ्या स्त्रीस दिवस राहिल्याचे कळताच मात्रा साधारणतः पाव ते एक तृतीयांशाने वाढवावी लागते. "गरोदरपणात गरम औषध नको" म्हणून ती गोळी सोडविणारे कोणी आपल्यापैकी असतील, तर त्यांनी गर्भाच्या मेंदूची वाढ आरंभीच्या महिन्यांत मातेच्याच टी-४ वर अवलंबून असते, हे ध्यानी घ्यावे.

टी.एस.एच. दबलेले व टी-४ वाढलेले असल्यास लगेच कार्बिमॅझोल लिहू नये. प्रसूतीनंतरच्या वर्षभरात ग्रंथीला दाह होऊन साठलेला स्राव केवळ गळत असतो. तेथे स्रावनिर्मिती थांबविणारे औषध निरुपयोगी ठरते. डोळे पुढे आलेले, ग्रंथी सर्वत्र वाढलेली व तिच्यावर स्टेथोस्कोपने मर्मर ऐकू येत असल्यास ग्रेव्हज व्याधी समजून तज्ज्ञाकडे पाठवावे.

आपल्या औषधांचा इतिहासही घ्यावयास हवा. लोह व कॅल्शियमच्या गोळ्या थायरॉक्सिनचे शोषण अडवितात, म्हणून त्यांत चार तासांचे अंतर ठेवतात. त्याच न्यायाने लोहभस्म, मंडूर, प्रवाळ, शंख यांचे कल्पही दूर ठेवावेत. अश्वगंधेने सौम्य अवस्थेत टी.एस.एच. घटल्याचा २०१८ चा एक प्रयोग आहे, परंतु तो अवघ्या ५० रुग्णांचा व आठ आठवड्यांचा. दुसरीकडे अश्वगंधा सेवनानंतर थायरॉइडचे स्राव विषारी प्रमाणात वाढल्याच्या नोंदीही प्रसिद्ध आहेत. ती देत असल्यास मागणीपत्रावर लिहावे. ग्रंथी नष्ट झालेल्या वा काढून टाकलेल्या रुग्णाचे थायरॉक्सिन आपल्या कल्पाच्या भरवशावर कदापि बंद करू नये. काही आठवड्यांतच तो मूर्च्छेच्या मार्गास लागू शकतो.

शेवटी नवजाताविषयी. जन्मजात कमतरता भारतात सुमारे हजारांत एका बाळास असते आणि जन्मतः ती बहुधा दिसत नाही. जन्मानंतर ४८ तासांनी टाचेचे रक्त घेऊन तपासणी करावी व उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू व्हावेत. आमच्याकडे माता त्यापूर्वीच घरी जाण्याची घाई करतात. म्हणून सुट्टीच्या कार्डावर नमुना घेतला की नाही हे लाल शाईने लिहितो, आणि राहिला असल्यास गावच्या आशा कार्यकर्तीस त्याच दिवशी कळवितो.