सायकलीची बैठक आणि आपले गुडघे

मालवणहून देवबागकडे जाणारा किनाऱ्यालगतचा रस्ता बहुतांशी सपाट आहे. कसालच्या दिशेने निघाले की मात्र चढ-उतार सुरू होतात. सपाट रस्त्यावर न जाणवणारा सायकलीचा एक दोष चढावर लगेच जाणवतो. तो म्हणजे बैठकीची चुकीची उंची.

पुष्कळ घरांत सायकल एक आणि चालवणारे तिघे-चौघे असतात. बैठक सर्वांत कमी उंचीच्या व्यक्तीसाठी खाली केलेली असते आणि पुढे तशीच राहते. त्यामुळे उंच माणसाचा गुडघा प्रत्येक फेरीत गरजेपेक्षा अधिक वाकतो, वाटीवर ताण येतो आणि गुडघा पुढच्या बाजूने दुखू लागतो. ‘आता वय झाले’ असे म्हणून मग सायकल पडवीत उभी राहते. तसे करण्यापूर्वी एकदा पाना हाती घेऊन पाहावा.

रीत सोपी आहे. नेहमीची पादत्राणे घालून, भिंतीचा आधार घेऊन सायकलीवर बसावे. पेडल सर्वांत खाली आणून त्यावर टाच ठेवावी. कंबर न कलता पाय सरळ झाला तर उंची योग्य समजावी. प्रत्यक्ष चालवताना पेडलवर चवडा असतो, त्यामुळे गुडघ्यात साधारण 25 ते 35 अंशांचा बाक राहतो. पेडल मारताना कंबर दोन्ही बाजूंना डुलत असेल किंवा गुडघ्यामागची शीर ताणली जात असेल, तर बैठक फार वर गेली आहे असे जाणावे.

आकड्यांत पडताळा हवा असल्यास 1967 साली हॅम्ली आणि थॉमस या ब्रिटिश संशोधकांनी मांडलेले प्रमाण उपयोगी पडते. अनवाणी उभे राहून जांघेपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे व त्याला 1.09 ने गुणावे. खालच्या पेडलपासून बैठकीच्या माथ्यापर्यंत तेवढे अंतर असावे. पाय 75 सेंटीमीटर असेल, तर हे अंतर सुमारे 82 सेंटीमीटर येते. हा आकडा आरंभापुरता धरून पुढे पाच-पाच मिलिमीटरचा फरक करीत जावा.

सायकलीच्या प्रकारानुसार यात थोडा बदल होतो. 28 इंची चाकांच्या जुन्या काळ्या सायकलीवर मासळीची टोपली किंवा पावाची पाटी असेल, तर वारंवार पाय टेकावा लागतो. तेथे बैठक एक-दोन बोटे खाली असणे सोयीचे. लेडीज सायकलीवर थांबताना दोन्ही तळवे जमिनीला लागलेच पाहिजेत, असा समज आढळतो. वास्तविक चवडे टेकले तरी पुरे. जाड टायरच्या गिअर सायकलीचा पेडलचा आस उंचावर असल्याने योग्य उंचीवर बसल्यावर पाय सहसा नीट पोहोचत नाहीत; थांबताना बैठकीवरून पुढे उतरण्याची सवय करावी. सायकल नव्याने शिकणाऱ्या मुलाचे दोन्ही तळवे जमिनीवर टेकले पाहिजेत. तोल साधला की बैठक हळूहळू वर न्यावी. ‘वाढत्या अंगाची’ म्हणून मोठी सायकल घेणे मात्र टाळावे. बैठक कितीही खाली केली, तरी मधल्या दांडीची उंची कमी होत नाही.

किनाऱ्यावर आणखी एक अडचण येते. खाऱ्या हवेने बैठकीची नळी सांगाड्यात गंजून अडकते आणि मग पाना फिरवूनही ती हलत नाही. पावसाळ्यापूर्वी व नंतर नळी बाहेर काढून पुसावी, ग्रीसचा पातळ थर द्यावा आणि पुन्हा बसवावी. नळीवरील मर्यादेची रेघ नेहमी सांगाड्याच्या आतच राहिली पाहिजे. अन्यथा नळी वाकण्याचा किंवा तुटण्याचा धोका असतो.

जूनमध्ये शाळा उघडताना मुलांचे गणवेश नव्याने मापले जातात. त्याच दिवशी सायकलीची बैठकही मापावी, आणि घरातील वडीलधाऱ्यांनी आपलीही उंची पाहून घ्यावी. इतके करूनही गुडघा दुखतच राहिला, तर वैद्यकीय सल्ला घ्यावा.