डीझेल मोटारगाडी

डीझेल मोटारगाडी : सिलिंडरातील हवा दाबून तापवावयाची व त्या तापलेल्या हवेत इंधनाचा फवारा सोडून ते आपोआप पेटू द्यावयाचे, या तत्त्वावर चालणाऱ्या एंजिनाची मोटारगाडी. पेट्रोल गाडीत हवा व पेट्रोलची वाफ यांचे मिश्रण विजेच्या ठिणगीने पेटवितात. डीझेल गाडीत ठिणगीची योजनाच नसते. रूडोल्फ डीझेल या जर्मन अभियंत्याने १८९२ मध्ये या एंजिनाच्या एकस्वासाठी अर्ज केला आणि १८९७ मध्ये त्याचे एंजिन यशस्वी रीत्या चालले. प्रथम कारखाने, जहाजे व मालमोटारी यांतच ते वापरीत. प्रवासी मोटारीत ते घालून नियमित उत्पादन होण्यास १९३६ साल उजाडले (मर्सेडीझ-बेंझ २६० डी). तांत्रिक रचनेचे सविस्तर वर्णन ‘डीझेल एंजिन’ या नोंदीत येते. येथे मुख्यतः चालक व मालक पेट्रोल सोडून डीझेलकडे का वळतात याचा विचार केला असून त्यासाठी मराठवाड्यातील नांदेड व लातूर या जिल्ह्यांचे उदाहरण घेतले आहे.

या भागाचा प्रवास मुख्यतः सडकेचा आहे. नांदेड ते लातूर हे अंतर लोहा, अहमदपूर, चाकूर या मार्गाने सु. १४० किमी. पडते, लोहमार्गाने जावयाचे तर पूर्णा, परभणी, परळी असा वळसा घ्यावा लागतो. नांदेडचा सचखंड गुरुद्वारा, माहूरची रेणुका, तुळजापूरची भवानी या यात्रास्थानांकडे भाड्याच्या गाड्यांची वर्दळ वर्षभर असते. लातूरला शिकवणी वर्गांसाठी ठेवलेल्या मुलामुलींना भेटावयास येणारे पालक, मोठ्या रुग्णालयात न्यावयाचे रोगी, हैदराबाद वा पुण्याकडे निघालेले व्यापारी हे सर्व याच गाड्यांची गिऱ्हाइके होत. गोदाकाठचे नांदेड समुद्रसपाटीपासून सु. ३६० मी. उंचीवर, तर बालाघाटच्या पठारावरील लातूर सु. ६३० मी. उंचीवर आहे. म्हणजे भरलेल्या गाडीला या मार्गावर एकंदरीने पाऊणशे मजल्यांहून अधिक उंची चढून जावी लागते. एंजिनाची निवड अशा रस्त्यावर ठरते, शहरातल्या चौकात नव्हे.

इंधन व एंजिन : डीझेल तेल पेट्रोलपेक्षा जड असते. एक लिटर डीझेलचे वजन सु. ०·८३ किग्रॅ., तर एक लिटर पेट्रोलचे सु. ०·७४ किग्रॅ. भरते. त्यामुळे लिटरामागे मिळणारी उष्णता डीझेलमध्ये दहा टक्क्यांहून थोडी अधिक असते. इंधन आपण वजनावर नव्हे तर मापावर विकत घेतो, म्हणून हा लाभ ग्राहकाच्या पदरात सरळ पडतो. दुसरा लाभ एंजिनाच्या रचनेतून येतो. पेट्रोल एंजिनात मिश्रण फार दाबले, तर ते अवेळी पेटून ठोके बसू लागतात. म्हणून त्याचे संपीडन गुणोत्तर सामान्यतः ८ ते ११ च्या आसपास ठेवतात. डीझेल एंजिनात केवळ हवाच दाबावयाची असल्याने हे गुणोत्तर १५ ते २२ पर्यंत नेता येते, आणि संपीडन जितके अधिक तितके उष्णतेचे कार्यात रूपांतर अधिक. शिवाय पेट्रोल एंजिन थोड्या भारावर चालताना थ्रॉटल झडप अर्धवट मिटलेली असते व हवा ओढून घेण्यातच काही शक्ती खर्ची पडते. डीझेल एंजिनात हवा मोकळी येऊ देऊन फक्त इंधनाची मात्रा कमीजास्त करतात. या सर्वांचा परिणाम चालक ज्याला ‘ॲव्हरेज’ म्हणतात त्यात, म्हणजे लिटरामागे पडणाऱ्या किलोमीटरांत, दिसतो.

चालकांच्या बोलण्यात दुसरा शब्द येतो तो ‘ओढ’. अश्वशक्तीचा आकडा व ओढ यांत गल्लत होते, म्हणून एक उदाहरण देणे बरे. मारुती स्विफ्ट या गाडीच्या २०१०-११ च्या सुमारास मिळणाऱ्या १·२ लिटर पेट्रोल एंजिनाची शक्ती सु. ८५ अश्वशक्ती, तर १·३ लिटर डीझेल एंजिनाची ७५ अश्वशक्ती होती. कागदावर पेट्रोल गाडी सरस. परंतु दंडाला पीळ देणारे परिबल पेट्रोल एंजिनात सु. ११३ न्यूटन-मीटर व तेही मिनिटाला ४,००० फेऱ्यांच्या वर गेल्यावर मिळे. डीझेल एंजिनात ते केवळ २,००० फेऱ्यांना १९० न्यूटन-मीटर होते. सात माणसे व टपावर सामान घेऊन अहमदपूरचा चढ चढताना पेट्रोल गाडीचा चालक पुनःपुन्हा खालचा गिअर टाकतो. डीझेल गाडी त्याच गिअरमध्ये निघून जाते. मात्र हा गुण झोतभरकाने, म्हणजे टर्बोचार्जरने, दिलेला आहे. त्याविना असलेली जुनी डीझेल एंजिने आवाज व थरथर यांच्या मानाने फार ओढणारी नव्हती, हे ज्यांनी ती चालविली ते जाणतात.

भारतातील प्रसार : डीझेल एंजिन मराठवाड्याच्या खेड्याला मोटारीतून नव्हे, तर विहिरीवरून परिचित झाले. वीज पोचण्यापूर्वी पाणी उपसण्यासाठी किर्लोस्करांसारख्या कारखानदारांची तेल एंजिने शेतोशेती होती, व ती दुरुस्त करणारे कारागीर बाजाराच्या प्रत्येक गावी तयार झाले होते. पुढे डीझेल गाड्या आल्या तेव्हा नोझल व पंप उघडून बसणारा मिस्त्री शोधावा लागला नाही. हे कारण आकडेवारीत येत नसले, तरी प्रस्तुत लेखकाच्या मते ते कमी महत्त्वाचे नाही. अँबॅसडर गाडी १९७०–८० या दशकाच्या अखेरीस डीझेल एंजिनासह मिळू लागली. महिंद्रांच्या जीपगाड्यांत प्यूजो कंपनीच्या रचनेचे डीझेल एंजिन आले आणि बजाज टेंपोच्या ट्रॅक्समध्ये मर्सेडीझच्या रचनेचे. १९९४ मध्ये टाटा सुमो व २००० मध्ये महिंद्रा बोलेरो या गाड्या निघाल्या. काळी-पिवळी जीप म्हणून तालुक्याच्या गावांना जोडणारे वाहन हे याच कुळातले. डिसेंबर १९९८ मध्ये पुण्याच्या टाटा कारखान्याची इंडिका आली, तेव्हा लहान घरगुती मोटारीतही डीझेलचा पर्याय सर्वसामान्यांच्या आवाक्यात आला.

किंमत व हिशेब : या निवडीचे सर्वांत मोठे कारण मात्र एंजिनात नव्हते, सरकारच्या किंमत-धोरणात होते. शेतीपंप, ट्रॅक्टर, मालमोटारी व एस. टी. यांना झळ बसू नये म्हणून डीझेलवरील कर कमी ठेवून त्याची किंमत दीर्घकाळ नियंत्रित ठेवण्यात आली. जून २०१० मध्ये पेट्रोल नियंत्रणमुक्त झाले, डीझेल झाले नाही, आणि दोहोंतील दरी रुंदावत गेली. २४ मे २०१२ रोजी दिल्लीत पेट्रोल लिटरला ७३·१८ रुपये, तर डीझेल ४०·९१ रुपये होते. या सुमारास देशात विकल्या जाणाऱ्या मोटारींपैकी निम्म्याहून अधिक डीझेलवरील होत्या. शेतकऱ्यासाठी दिलेली सवलत मोटारवाले घेतात, हा आक्षेप तेव्हा जोराने घेतला गेला. २०१० मध्ये किरीट पारीख समितीने डीझेल मोटारीवर ८०,००० रुपये जादा उत्पादन शुल्क सुचविले होते. आक्षेप तत्त्वतः बरोबर असला, तरी नांदेड-लातूरकडे मोटारवाला व शेतकरी हे नेहमीच दोन निरनिराळे गृहस्थ नसतात. सकाळी माणसे नेणारी जीप दुपारी बियाण्याची पोती व संध्याकाळी दुधाच्या कॅन आणते.

वरील किंमती प्रमाण धरून हिशेब असा मांडता येतो. पेट्रोल गाडी लिटरला १५ किमी. व डीझेल गाडी २० किमी. जाते आणि डीझेल गाडी एक लाख रुपयांनी महाग आहे असे मानू. २०१२ मध्ये किलोमीटरमागे खर्च अनुक्रमे ४·८८ रुपये व २·०५ रुपये, म्हणजे बचत २·८३ रुपये. जादा दिलेले लाख रुपये सु. ३५,३०० किमी. धावल्यावर वसूल होत. वर्षाला ४५,००० किमी. धावणाऱ्या भाडोत्री गाडीला त्यासाठी साडेनऊ महिने पुरत. वर्षाला १०,००० किमी. चालणाऱ्या घरगुती गाडीला साडेतीन वर्षे लागत. कर्जाच्या हप्त्यावर गाडी घेणाऱ्या चालकाच्या दृष्टीने हा फरक म्हणजे हप्ता भरता येणे वा गाडी ओढून नेली जाणे, इतका थेट होता. म्हणूनच गाडी घेताना जाणता चालक प्रथम विचारतो तो प्रश्न किंमतीचा नसून ‘रनिंग किती?’ हा असतो.

हा हिशेब पुढे पालटला. जानेवारी २०१३ पासून डीझेलचा भाव दरमहा थोडाथोडा वाढविण्यात आला व ऑक्टोबर २०१४ मध्ये तेही नियंत्रणमुक्त झाले. २४ जून २०२० रोजी तर दिल्लीत डीझेल ७९·८८ रुपये व पेट्रोल ७९·७६ रुपये, असा उलटा प्रकार घडला. महाराष्ट्रात मात्र डीझेलवरील मूल्यवर्धित कर पेट्रोलपेक्षा कमी राहिल्याने अंतर पूर्णपणे मिटले नाही. १ एप्रिल २०२० पासून भारत टप्पा ६ ही उत्सर्जन मानके लागू झाली. त्यांसाठी डीझेल गाडीस धुरातील कण धरणारी गाळणी व नायट्रोजन ऑक्साइडे कमी करणारी योजना बसवावी लागते आणि त्यामुळे तिची किंमत बरीच वाढते. मारुती कंपनीने त्या वेळी डीझेल मोटारी काढणेच थांबविले. किंमतीतील फरक दीड लाख रुपये धरून मार्च २०२४ च्या दिल्लीतील भावांनी (पेट्रोल ९४·७२, डीझेल ८७·६२ रुपये) वरील गणित पुन्हा केले, तर वसुलीस सु. ७७,६०० किमी. लागतात. भाडोत्री गाडीला पावणेदोन वर्षे. घरगुती गाडीला पावणेआठ. शिवाय महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या खाजगी पेट्रोल गाडीवरील एकरकमी वाहनकर ११ टक्के, तर डीझेल गाडीवरील १३ टक्के असा आहे.

उलट बाजूने, २०२५ पर्यंत पेट्रोलमध्ये सु. २० टक्के एथॅनॉल मिसळले जाऊ लागले. एथॅनॉलची उष्णता कमी असल्याने अशा इंधनाची लिटरामागील उष्णता शुद्ध पेट्रोलपेक्षा सु. ६-७ टक्क्यांनी उतरते, व डीझेलचे पारडे तेवढे पुन्हा जड होते. ज्या उसाच्या पट्ट्यातून हे एथॅनॉल येते त्यात लातूर-नांदेडचे साखर कारखानेही आहेत.

दोष : डीझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये मानवात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. टप्पा ६ च्या इंधनात गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत १० भागांपर्यंत खाली आणले असून गाळणीमुळे काजळी फारच घटते. परंतु साचलेली काजळी जाळण्यासाठी गाळणी चांगली तापावी लागते व ती तापते लांबच्या सलग धावेत. घर ते दवाखाना वा दुकान एवढेच पाच-सहा किलोमीटर रोज जाणाऱ्या मालकाची गाळणी तुंबते आणि ती बदलणे खर्चाचे असते. अशाने डीझेल गाडी केवळ ऐकीव कौतुकावरून घेऊ नये. अंतःक्षेपण पंप व नोझल यांचे भाग अतिसूक्ष्म अंतराने बसविलेले असून त्यांचे वंगण डीझेलच करते. रॉकेल मिसळलेले तेल वापरल्यास वंगण घटून ते झिजतात. जुन्या पंपाचे एंजिन असे तेल काही काळ सोशी. आधुनिक उच्चदाब पंप ते सोशीत नाही, आणि दुरुस्ती गावच्या मिस्त्रीकडे न होता नांदेड, लातूर किंवा हैदराबादच्या यंत्रसज्ज कार्यशाळेतच करावी लागते.