चार हजारांतलं वाचनालय

वसंतराव नाईक यवतमाळ जिल्ह्यातले, पुसद तालुक्यातल्या गहुलीचे. त्यांचं शेतीतलं काम सगळ्यांना पाठ आहे. पण ते मुख्यमंत्री असतानाच १९६७ साली राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला, हे त्यांच्या जिल्ह्यातही फारसं कुणी सांगत नाही. त्या कायद्याने गावच्या वाचनालयाला सरकारी मान्यता आणि अनुदान मिळण्याची वाट करून दिली. वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पडले.

ड वर्गाचं वाचनालय म्हणजे बहुधा एक खोली, दोन-तीन लोखंडी कपाटं आणि लांब टेबलावर वाटून घेतलेली पेपरची पानं. नवं पुस्तक आलं की आधी दाखल नोंदवहीत चढतं. मग शिक्के बसतात. एक सुरुवातीला, एक शेवटी आणि एक ठरलेल्या आतल्या पानावर. ते गुप्त पान. पहिलं पान फाडून पुस्तक लाटणारा या शिक्क्यावर सापडतो.

हे सगळं एकटी ग्रंथपाल करते. खोलीही तीच झाडते. टेबलाभोवती नुसते पुरुष दिसले की बायका दारातूनच परत जातात. समोर ग्रंथपाल ताई बसलेल्या असल्या तर आत येतात. आधी पाककृतीचं पुस्तक, मग दिवाळी अंक, मग कादंबरी. कापूस वेचणीच्या दिवसांत त्यांची पुस्तकं लेकींच्या हाती ये-जा करतात. माझ्या मते या कायद्याचं खरं फळ ते हेच.

नेपाळात त्रिभुवन विद्यापीठाचं ग्रंथालय घडवणाऱ्या शांती मिश्रांवर लिहिलं जातं, आणि ते योग्यच आहे. गावच्या ताईंवर मात्र कोण लिहिणार?

२०२२ मध्ये अनुदान साठ टक्क्यांनी वाढलं, तेव्हा ड वर्गाचे वर्षाला ३०,००० चे ४८,००० झाले. म्हणजे महिन्याला चार हजार. त्यात पेपर, पुस्तकं, विजेचं बिल आणि ताईंचं मानधन. रोज वेचणीला गेलं तर याहून जास्त हाती पडतं. ही वाढ नव्हे, थट्टा आहे.

तुमच्या गावात असं वाचनालय असेल तर वर्गणी भरा. पुस्तकं भेट द्यायची असतील तर जरूर द्या, फक्त पोरांची जुनी गाइडं नेऊन टाकू नका. कपाटात जागा कमी असते.